पिशवीचा तळ



ज्येष्ठ शुद्ध पंचमी जवळ आली की आमच्या मंडळात एकच गडबड असते. पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनिराजांनी षट्खंडागम पूर्ण केला, तो हा दिवस. मंदिरातली शास्त्रं बाहेर काढायची, झटकायची, ऊन दाखवायचं आणि नव्या वेष्टणात बांधून ठेवायची. यंदा वेष्टणांसोबत स्वाध्यायाला येणाऱ्या प्रत्येकीला एक कापडी पिशवी द्यायची ठरली. ग्रंथ, वही, चष्मा मावेल आणि ग्रंथ आत उभा राहील अशी. कापड ठरायला दहा मिनिटं लागली, बंदांची लांबी ठरायला पाच. पण पिशवीच्या तळात काय घालायचं, यावर तीन दुपारी गेल्या. त्या तीन दुपारी जे बोलणं झालं, ते तुमच्याही कामी येईल म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तळ ताठ का हवा ते बघू. नुसती कापडी पिशवी भाजीला चालते. भाजी आपापली जागा करून घेते. पण दीड-दोन किलोचा टीकेसह ग्रंथ पिशवीत घातला की तळ झोळीसारखा खाली येतो, ग्रंथ तिरपा होतो, कोपरे दुमडतात आणि पुठ्ठ्याची शिवण उसवते. वर ती पिशवी कुठेही ठेवली की लोळते. चौरंगावर ठेवली तरी ग्रंथ बाहेर घसरतो. जिनवाणीचा अविनय व्हावा असं कुणालाच वाटत नाही, पण पिशवीला तळ नसेल तर तो होतोच.

आपल्या पूर्वजांनी हे कोडं केव्हाच सोडवून ठेवलं होतं. जुन्या हस्तलिखित पोथ्या दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये ठेवून, दोरीने आवळून, सुती वेष्टणात बांधायची रीत आहे. ताठपणा फळीचा आणि पांघरूण कापडाचं. आपल्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा हे तर पोथ्यांचं माहेरघर. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशी तिथली तीन मंदिरं, आणि त्यांचे ग्रंथभांडार. १९२६ साली मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी मोठी सूची नागपूरहून निघाली, तिच्यात या भांडारांतल्या ग्रंथांची नोंद डॉ. हिरालाल जैन यांनी केली. पुढे कारंज्याहून कवी पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये, 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये आणि कनकामर मुनींचं 'करकंडचरिउ' १९३४ मध्ये छापून आलं. (हे पुष्पदंत अपभ्रंश भाषेचे कवी, षट्खंडागमाचे पुष्पदंत मुनिराज वेगळे.) शेकडो वर्षं कागद टिकला, त्यात शाईचा आणि कागदाचा वाटा आहेच, पण कोपरे न दुमडू देणाऱ्या त्या साध्या फळ्यांचाही आहे. आपण पिशवीत तळ घालतो तेव्हा दुसरं काय करतो?

आणखी एक गोष्ट. पाच समित्यांमध्ये चौथी आहे आदाननिक्षेपण. वस्तू उचलताना आणि ठेवताना बघून, झटकून, अलगद ठेवायची. ही समिती मुनींची म्हणून आपण सोडून देतो. पण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताच्या ज्या पाच भावना सांगितल्या आहेत त्यातही ती आहे, आणि व्रत अणुरूपाने का होईना, आपलंही आहे. पिशवी धपकन पडली, कलंडली, तिच्याखाली मुंगी आली की हे व्रत तिथेच ढिलं होतं. तळ सपाट असला की पिशवी जागा बघून, हळू ठेवता येते. शिवणकामात समिती कुठे येते असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, तळात येते.

आता एकेक वस्तू घेऊ.

पुठ्ठा. सगळ्यात आधी हाच आठवतो. साडीचा खोका, वहीची पाठ, सामान येतं ते नालीदार खोकं. फुकट मिळतो, कात्रीने कापतो. ताठपणाची एक गंमत लक्षात ठेवा. दोन पुठ्ठे नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो. तेच दोन पूर्ण चिकटवून एकजीव केले तर साधारण आठपट होतो. नालीदार खोक्याच्या नळ्या पिशवीच्या लांबीच्या दिशेने येतील असा तुकडा कापा, आडवा कापला तर मधोमध मोडतो. पण पुठ्ठ्याचे दोन दोष आहेत. पाणी लागलं की लगदा. आणि दुसरा दोष आपल्यासाठी मोठा आहे. नालीदार खोक्यात थर चिकटवायला बहुधा मक्याचा स्टार्च असतो, घरी आपण चिकटवतो ती मैद्याची लई. चातुर्मासात दमट हवा लागली की त्यावर बुरशी धरते, कसर लागते, झुरळं येतात. जुने बाइंडर लईत मोरचूद कालवत, म्हणजे कीड लागणार नाही. आपण काय करणार? नुसती लई वापरली तर जिवांना बोलावणं, मोरचूद घातला तर बोलावून मारणं. त्यापेक्षा जीव येणारच नाहीत अशी वस्तू निवडणं बरं. पुठ्ठाच वापरायचा असेल तर पांढऱ्या सिंथेटिक डिंकाने चिकटवा आणि आषाढाआधी काढून टाका.

डिंकावरून आठवलं. सुतार आणि बाइंडर पूर्वी 'सरस' वापरत. तो जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो. आता बहुतेक ठिकाणी सिंथेटिक डिंक आला आहे, तरी जुन्या पद्धतीने काम करणाऱ्याला एकदा विचारून घ्यावं. विचारायला पैसे पडत नाहीत.

पत्रिका. पंचकल्याणकाच्या, विधानाच्या पत्रिका घरोघरी साठलेल्या असतात. जाड, गुळगुळीत, अगदी मापाच्या. एकीने त्यांचा गठ्ठाच आणला होता. पण त्यावर भगवंतांची छबी असते, महाराजांचे फोटो असतात, णमोकार मंत्र असतो. ते तळाशी घालून वर वजन ठेवायचं? पिशवी जमिनीवर टेकवायची? तेच फ्लेक्सच्या बॅनरचं. फ्लेक्स ताठ, पाण्याला दाद न देणारा, पण त्यावर काय छापलं आहे ते बघितल्याशिवाय कात्री लावायची नाही. दुकानाच्या जाहिरातीचा असेल तर खुशाल वापरा.

एक्स-रे फिल्म. ही युक्ती शिवणकामात जुनी आहे, घरात आजोबांच्या गुडघ्याचे चार एक्स-रे असतातच. पण जुन्या एक्स-रे फिल्मच्या प्लास्टिकवर जो चांदीचा थर असतो तो जिलेटिनमध्ये बसवलेला असतो. जिलेटिन म्हणजे हाडं आणि कातडी. आपण खाण्याच्या पाकिटावर जिलेटिन वाचून ते पाकीट परत ठेवतो, मग शास्त्राच्या खाली ते कसं चालेल? मंडळात हे सांगितलं तेव्हा दोघी-तिघींनी कपाळाला हात लावला.

बक्रम आणि कॅनव्हास. बक्रम कॉलरला चांगलं, तळाला अपुरं. दोन-तीन धुण्यांत मऊ पडतं. जाड कॅनव्हासचे तीन थर आडवे-उभे शिवले तर बऱ्यापैकी अंग धरतात. पण आपल्या घरगुती मशीनची सुई तिथे कण्हते, १८ नंबरची सुई घालावी लागते.

फोम. पिशवी गुबगुबीत दिसते, पण वजन पेलण्याची ताकद नाही. डब्याच्या पिशवीला ठीक.

सनबोर्ड. शाळेच्या प्रकल्पाला आणतो तो. हलका, धुता येतो, ब्लेडने कापतो. ३ मिलिमीटरचा पुरतो. कोपऱ्याला मात्र लवकर तुटतो. आणि आपल्या वैशाखात, बंद गाडीत पिशवी राहिली तर मऊ होऊन वाकडा होतो, मग सरळ होत नाही.

बांबू आणि प्लायवूड. बांबूच्या पट्ट्यांचा तळ देखणा होतो. पण न मुरवलेल्या बांबूला भुंगा लागतो, पांढरं पीठ पडायला लागतं. प्लायवूड टिकतं पण पिशवी जड होते. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेल्या काकू रोज पायी मंदिरात येतात, त्यांच्या खांद्यावर जास्तीचं वजन कशाला?

प्लास्टिकची जाळी. लोकरीचं भरतकाम करतो ती. सुईने शिवता येते, पाणी निथळतं, कापायला सोपी. एक थर लवचीक, दोन थर कडेने शिवले की छान. विकत आणावी लागते हाच काय तो दोष.

तेलाच्या जारचं प्लास्टिक. आमचं एकमत शेवटी यावर झालं. आपल्या सोयाबीनच्या मुलखात १५ लिटरचे तेलाचे प्लास्टिकचे जार कोणत्या घरात नाहीत? त्याच्या सपाट बाजू कापून घ्यायच्या. गाळलेल्या कोमट पाण्यात साबण घालून दोनदा धुवायच्या, तेलाचा चिकटपणा अजिबात राहता कामा नये, नाहीतर मुंग्या येतात. उन्हात चादरीखाली वजन ठेवून सपाट करायच्या. या प्लास्टिकला साधा डिंक धरत नाही, म्हणून चिकटवायच्या भानगडीत पडू नका, दोन पत्रे एकाच खोळीत घाला. एरवी हा जार भंगारात किंवा उकिरड्यावर जाणार. राज्यात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हापासून आपण कापडी पिशव्या शिवायला लागलो, त्या शिवण्यासाठी नवं प्लास्टिक विकत आणणं मनाला पटत नव्हतं. जुनं मात्र वर्षानुवर्षं कामी येत असेल तर ते गाईच्या पोटात जाण्यापेक्षा पिशवीच्या पोटात बरं.

या सगळ्यात खरा वाद झाला तो मात्र वेगळ्याच वस्तूवर.

आमच्या मंडळातल्या एक वहिनी शिवणकामावर घर चालवतात. मुलाचं कॉलेज त्याच मशीनवर चाललं आहे. त्यांना एका दुकानदाराकडून लग्नाच्या भेटपिशव्यांची मोठी ऑर्डर आली होती, आणि तळासाठी बोर्ड त्यानेच दिला होता. तपकिरी, पातळ, चिवट. धुतला तरी विरघळत नाही, सुईने शिवता येतो, मोडत नाही. त्यातलाच थोडा आपल्या ग्रंथपिशव्यांना वापरू म्हणून त्या घेऊन आल्या. हातात घेताच एका मावशींनी नाकाला लावला. ओल्या हाताने चोळल्यावर वास आला तो कातड्याचा. तो लेदर बोर्ड होता. चामड्याच्या कारखान्यातला भुसा आणि कात्रण चिकटद्रव्यात दाबून हा बोर्ड बनवतात, चपलांच्या आतल्या तळव्याला आणि पिशव्यांच्या तळाला सर्रास वापरतात. ओळखायचं असेल तर नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. जळक्या केसासारखा वास आला तर कातडं, कागदासारखा आला तर पुठ्ठा.

ग्रंथपिशवीला तो नको हे क्षणात ठरलं. पण वहिनींनी विचारलं, "ताई, यासाठी कुणी जनावर मारलं नाही. भुसा वाया जाणारच होता. मुनिराजांची पिच्छी मोरपिसांचीच असते ना?"

प्रश्न सरळ होता आणि उत्तर टाळण्यासारखं नव्हतं. पिच्छीचं पीस मोर स्वतः टाकतो. त्याला कुणी हात लावत नाही. त्या पिसांनी जीव वाचतात, म्हणूनच ते संयमाचं उपकरण. कातड्याचं तसं नाही. भुसा विकला जातो तेव्हा कातड्याच्या धंद्याला त्याचीही किंमत मिळते, आणि ती किंमत देणारे आपण झालो की अनुमोदना झालीच. कृत, कारित, अनुमोदित हे तीन शब्द आपण पाठशाळेपासून म्हणत आलो. शिवाय कातड्यात जीवांची उत्पत्ती होत राहते म्हणून चामड्याच्या पात्रातलं तेल, तूप, पाणीसुद्धा आपल्या श्रावकाचारात वर्ज्य आहे. मावशींनी हे सगळं शांतपणे सांगितलं, वहिनींनाही पटलं.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "ग्रंथपिशवीचं ठीक. पण दुकानदाराच्या ऑर्डरचं काय? ती तर उद्योगी हिंसा ना, गृहस्थाला सुटत नाही ती?"

इथे मात्र कुणी लगेच बोललं नाही. संकल्पी हिंसा श्रावकाने सोडायचीच, पण आरंभी, उद्योगी आणि विरोधी पूर्ण सुटत नाही हे खरं. पण न सुटणारी म्हणजे सगळा विवेक करूनही जी उरते ती. दुसरा बोर्ड समोर असताना हाच वापरणं त्यात कसं बसेल? असं मी म्हटलं खरं, आणि म्हणताना माझ्याच लक्षात आलं की हे बोलायला मला काहीच पडत नाही. ऑर्डर वहिनींची होती, कॉलेजची फी त्यांच्या मुलाची होती.

वहिनींनी दुकानदाराला विचारलं की तळ मी माझा घालते, चालेल का? त्याने नको म्हटलं, त्याचा बोर्ड आधीच कापून तयार होता. दोन दिवसांनी वहिनींनी कापड आणि बोर्ड परत केला. ऑर्डर दुसरीकडे गेली. कुणी त्यांना तसं करा म्हटलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही.

त्या दुपारी आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू जे बोलल्या ते मी मुद्दाम इथे लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "नियम आपल्या सगळ्यांचा आणि तोटा एकटीचा, असा धर्म नसतो बाई." मंडळात ग्रंथपिशव्या सेवा म्हणून फुकट शिवायच्या असं ठरलं होतं. ते बदललं. कापड दानातून आलं, पण शिलाई बाजारभावाने वहिनींना द्यायची आणि दिवाळीला प्रत्येक घरच्या भेटपिशव्या त्यांच्याकडूनच घ्यायच्या. गेलेली ऑर्डर याने पूर्ण भरून निघाली नाही, हेही सांगते. पण वहिनी मशीनवर एकट्या नाहीत एवढं तरी झालं. साधर्मीवात्सल्य हा सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतला एक आहे. तो फक्त जेवणावळीत दाखवायचा नसतो.

आता कृती. आमची पिशवी १२ इंच रुंद, १३ इंच उंच आणि तळ ५ इंच.

खादी किंवा जाड सुती कापडाचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकी १८ इंच रुंद आणि साडेसतरा इंच उंच. कापड आधी धुऊन आकसू द्या. दोन्ही बाजू आणि खालची कड अर्धा इंच आत शिवा. मग खालचा कोपरा असा चिमटीत धरा की बाजूची शिवण आणि तळाची शिवण एकावर एक येईल. टोकापासून अडीच इंचावर आडवी शिवण घाला, ती शिवण बरोबर ५ इंच लांब भरते. दोन्ही कोपरे असे केले की तळ चौकोनी होतो. वरची कड दीड इंच आत दुमडा. बंद तळापर्यंत खाली आणून शिवले तर वजन कापडावर न येता बंदांवर येतं.

तळाच्या पत्र्याचं माप साडेअकरा बाय साडेचार. चारी बाजूंनी पाव इंच कमी हवा, नाहीतर कोपरे कापड कापतात. पत्र्याचे कोपरे गोल करा, कडा दगडावर किंवा पॉलिश पेपरवर घासा.

खोळ जुन्या सुती धोतराची किंवा साडीची. रेशीम नको, ते आपल्याला सांगायला नको. खोळीच्या वरच्या बाजूला धोतराचे पाच-सहा थर ठेवून गोधडीचे टाके घाला. ग्रंथ मऊ अंगावर बसतो आणि खालचा पत्रा ताठ राहतो. खोळीची एक छोटी बाजू उघडी ठेवून आत दुमडती झडप करा, उशीच्या खोळीला असते तशी. खोळ पिशवीला शिवायची नाही, नुसती तळाशी बसवायची. पिशवी धुवायची तेव्हा काढून वेगळी धुता येते, आणि दर पंधरवड्याला बाहेर काढून खाली काही जीव नाही ना हे बघता येतं. शिवून बंद केलेल्या तळात काय चाललं आहे ते कुणालाच दिसत नाही.

चौक्याचं सामान नेण्याची पिशवीही याच मापाने होईल, फक्त ती वेगळी ठेवा आणि खोळ प्रत्येक वेळी धुतलेली घाला.

एक शेवटचं. पिशव्या शिवायला लागलं की हात थांबत नाही. या साडीची एक, त्या काठाची एक. घरात वीस पिशव्या लटकल्या की तोही परिग्रहच. आम्ही ठरवलं आहे की ग्रंथासाठी एक, बाजारासाठी एक, चौक्यासाठी एक. चौथी शिवली तर ती कुणाला तरी द्यायची.

श्रुतपंचमीच्या आधल्या दिवशी खोळी भरायला बसणार आहोत. तुमच्या घरी रिकामा जार असेल तर धुऊन, वाळवून पाठवा.

जय जिनेंद्र.